व्हॉट्सॲपवर ठरलेला केळीचा भाव बाहेर फुटतोय. मेसेज-कॉल खासगी ठेवायला काय करावं?

सावदेकर_केळीवाला:

राम राम मंडळी.

सावद्याला आमचा केळी खरेदीचा धंदा आहे. बाग बघायची, भाव ठरवायचा, कटाई करून गाडी भरायची आणि दिल्ली-पंजाबकडे लावायची. बऱ्हाणपूरला काय भाव निघाला त्यावर आमचं निम्मं गणित बसतं. उरलेलं निम्मं दिल्लीची पार्टी रात्री व्हॉट्सॲपवर सांगते: उद्या नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) इतके, पिलबागेला (खोडव्याच्या केळीला) इतके, गाड्या इतक्या. हा आकडा मला, वडिलांना आणि पार्टीला, एवढ्यांनाच माहीत असतो. म्हणजे असायला पाहिजे.

गेल्या सीझनपासून असं होतंय की रात्री ठरलेला आकडा सकाळी शेतकऱ्याच्याच तोंडून ऐकायला मिळतो. "तुम्ही अमुकपर्यंत जाणार ना भाऊ, मग दुसरा वर द्यायला तयार आहे." निंभोऱ्याकडच्या एका बागेत तर समोरचा आमच्या आकड्यावर बरोबर पाच रुपये चढवून, कटाईचे मजूर बरोबर घेऊनच उभा होता. त्याला रात्री स्वप्न पडलं का?

आमचे मुनीमजी म्हणतात, व्हॉट्सॲपची कंपनी सगळं वाचते, म्हणून फुटतं. पुतण्या म्हणतो, काका व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल ॲप टाका. फैजपूरच्या एकाने "फुल एन्क्रिप्टेड" मोबाईल दाखवायला आणला, चांगल्या फोनच्या तिप्पट किमतीला. इकडे चॅटमध्ये वर लिहिलेलं असतं की मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. मग ते खोटं समजायचं का? आणि साधा कॉल बरा की व्हॉट्सॲप कॉल?

मले टेक्निकलमधलं काही समजत नाही, तेव्हा जरा उकलून सांगा.

अमळनेर_मोबाईलवाला:

भाऊ, पहिले तो फैजपूरचा फोन परत पाठवा. फोन उघडून पोट भरणारा माणूस आहे मी. "फुल एन्क्रिप्टेड" असा वेगळा पार्ट नसतो. आजच्या अँड्रॉइड आणि आयफोनची मेमरी स्क्रीन लॉक लावला की एन्क्रिप्टेडच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते; ते जास्तीचे पैसे कशाचे ते त्यालाच विचारा.

चॅटमधली ती ओळ खोटी नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सगळ्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिलं, आणि त्यामागचं तंत्र सिग्नलवाल्यांचंच आहे. तुमच्या फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते, ती फोनबाहेर जात नाही. तिच्या जोडीची उघड किल्ली समोरच्याच्या फोनला मिळते. तुम्ही "नवती" लिहून पाठवलं की ते तुमच्या फोनमध्येच गिचमिड होतं, मधल्या सर्व्हरवरून गिचमिडच जातं आणि दिल्लीच्या फोनमध्ये पोचल्यावरच वाचता येतं. प्रत्येक मेसेजला किल्ली नवी, त्यामुळे एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली तरी मागचं सगळं उघडत नाही. व्हॉट्सॲपवरच्या कॉललाही असंच संरक्षण आहे. तेव्हा मुनीमजींना सांगा, कंपनी तुमचा भाव वाचून सावद्यात फोन करत नाही.

कंपनीला काय कळतं, ते तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देऊन सांगतो. ताडपत्री बांधलेल्या गाडीत नवती आहे की पिलबाग हे टोलनाक्यावरच्याला दिसत नाही. पण गाडी कोणाची, किती वाजता निघाली, कुठे चालली, हे त्याच्या नोंदीत लागतंच. तसं तुम्ही रोज रात्री कोणत्या नंबरशी, कितीदा बोलता हे व्हॉट्सॲपला कळतं. सिग्नल ह्या नोंदी जवळजवळ ठेवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांच्याकडे कोर्टामार्फत एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी सर्व्हरला जोडलं गेलं एवढ्या दोनच गोष्टी त्यांच्याकडे द्यायला निघाल्या. मागे नफा न कमावणारी संस्था आहे, जाहिराती नाहीत, ॲप फुकट. पुतण्या चुकीचं सांगत नाहीये. पण दिल्लीच्या पार्टीने सिग्नल टाकलं तरच त्याचा उपयोग, आणि माझ्या मते तुमचं दुखणं वेगळंच आहे.

आता फोन हातात घ्या. व्हॉट्सॲप उघडा, कोपऱ्यातले तीन टिंब दाबा, "लिंक केलेली डिव्हाइस" बघा. तिथे एखादा कॉम्प्युटर दिसतो का? त्याच्याखाली शेवटचा वापर कधी झाला तेही लिहिलेलं असतं. एका खात्याला चार डिव्हाइस जोडता येतात, आणि जोडलेल्या कॉम्प्युटरवर तुमचा फोन बंद असला तरी मेसेज येत राहतात. बिलाची प्रिंट काढायला कोणीतरी एकदा क्यूआर कोड स्कॅन करून घेतो आणि लॉगआउट करायचं राहून जातं. मग ऑफिसात रात्री जो बसेल त्याच्यासमोर तुमचा भाव उघडा. एन्क्रिप्शन मोडलेलं नसतं, तो कॉम्प्युटरही तुमचाच फोन समजला जातो. माझ्या दुकानात "माझं व्हॉट्सॲप हॅक झालं" म्हणून जे येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं उत्तर ह्या एका पानावर सापडतं.

वडिलांच्या फोनवरही हेच बघा. लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर तो बंद करा. तोलकाट्याजवळ टेबलावर फोन पडलेला असतो, टिंग वाजतं, आणि चहा घेऊन आलेल्या पोरालाही आकडा दिसतो. दिल्लीच्या टोकाला काय चालतं ते तर तुमच्या हातात नाहीच. त्यांचा माणूस स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याला पाठवत असेल तर जगातलं कुठलंही एन्क्रिप्शन त्याला अडवणार नाही.

मेसेज खरंच त्याच पार्टीला जातोय ना, हे तपासायचं असेल तर त्यांच्या नावावर टॅप करा. खाली एन्क्रिप्शन असं लिहिलेलं असतं, आत क्यूआर कोड आणि ६० अंक दिसतात. त्यांच्या फोनमध्ये तुमच्या नावाखाली तेच ६० अंक दिसले पाहिजेत. पार्टी माल बघायला आली की समोरासमोर स्कॅन करून घ्या. सेटिंगमध्ये सुरक्षा सूचना चालू ठेवल्या की पुढे हा कोड बदलला तर चॅटमध्ये तशी ओळ येते. बहुतेक वेळा पार्टीने फोन बदललेला असतो किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. तरी त्या दिवशी भाव पाठवण्याआधी एक कॉल करून आवाज ओळखून घ्यायचा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा अंकी पिन लावा, म्हणजे तुमच्या नंबरचा ओटीपी कोणी मिळवला तरी पिनशिवाय तुमचं खातं दुसऱ्या फोनवर चालू होणार नाही.

साध्या कॉलचं विचारलंत. तो फोनपासून टॉवरपर्यंतच एन्क्रिप्टेड असतो, पुढे मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत उघडा. २जी साठीचं ए५/१ नावाचं जुनं एन्क्रिप्शन तर कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत किती कच्चं आहे ते दाखवून दिलं. एसएमएसची गत तीच. भाव बोलायचा तर व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवरून बोला. पाल-खिरोद्याकडे नेट तुटायला लागलं की व्हॉइस मेसेज टाका, तोही एन्क्रिप्टेडच जातो. टेलिग्रामच्या भरवशावर मात्र राहू नका. भावाचे ग्रुप तिथे पुष्कळ आहेत, पण तिथलं नेहमीचं चॅट एंड-टू-एंड नसतं. त्यासाठी "सिक्रेट चॅट" वेगळं उघडावं लागतं, आणि ग्रुपला ती सोयच नाही.

कॉल दुसरीकडे वळवलेत का हेही बघा. *#२१# डायल केलं की कळतं, आणि ##००२# ने वळवलेले सगळे कॉल बंद होतात. कुरिअरवाला किंवा मोबाईल कंपनीचा माणूस असल्याचं सांगून *४०१* लावून एक नंबर डायल करायला सांगायचे, आणि लोकांचे कॉल ओटीपीसकट भलतीकडे जायचे. शेवटी दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही सोय बंद करायला लावली. फोनवर कोणी कुठलाही कोड डायल करायला सांगितला तर सरळ फोन ठेवून द्या.

पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव ऐकलं असेल. २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलमधल्या एका फटीतून सुमारे १,४०० फोनमध्ये ते घुसवलं होतं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. मेसेजचं एन्क्रिप्शन तेव्हाही शाबूत होतं, फोनच ताब्यात घेतला की ते फोडायची गरज उरत नाही. असलं महागाचं हत्यार केळीच्या भावामागे कोणी लावत नाही. आपल्याकडे येते ती साधी एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल: गाडीचं चलान, पीएम किसान, लग्नाची पत्रिका. ती टाकली आणि मागेल ती परवानगी दिली की एसएमएस, नोटिफिकेशन, प्रसंगी स्क्रीनसुद्धा दुसऱ्याला दिसते. अशा माणसाला मी सिग्नलबद्दल काहीच सांगत नाही. फोन बंद करायला लावतो, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायला लावतो, आणि पैसे गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला.

आणखी एक, आमच्याच धंद्यातलं. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला तुमचा पॅटर्न लागत नाही. टच चालतो की नाही ते लॉक न उघडताही बघता येतं. लोक मात्र पावतीच्या मागे पॅटर्न काढून देतात आणि दोन तास बाजारात फिरून येतात. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, तो चालू करून फोन द्या, तुमचं चॅट-फोटो आम्हाला दिसत नाही.

व्यवहाराच्या चॅटला आपोआप जाणारे मेसेज लावा, २४ तासांचे. भाव तसाही दुसऱ्या दिवशी शिळा.

कान्हदेशी_पोऱ्या:

भाऊ, तुम्ही ६० आकडा जुळाडा नही तं ६०० जुळाडा. आमना आबा फोनवर बोलस तं आख्खी गल्लीले भाव समजस. त्यासना आवाजले कोनतं एन्क्रिप्शन लावू ते सांगा!

शहाद्याची_हिशेबनीस:

अमळनेरच्या दादांचं बाकी सगळं पटलं, २४ तासांचं अजिबात नाही. मी जिनिंगमध्ये हिशेब बघते. कापूस असो की केळी, पार्टी पैसे बुडवते तेव्हा पहिलं वाक्य असतं, "एवढा भाव ठरलाच नव्हता." त्या वेळी हातात काय असतं? वजनाची पावती आणि व्हॉट्सॲपवरचा तो एक मेसेज. तुमच्या पट्ट्यात माल भरून गाडी गेली आणि व्यापारी फोन उचलेनासा झाला, असं ऐकायला येत नाही का? मग स्वतःच्या हाताने पुरावा का पुसायचा?

आम्ही घासाघीस कॉलवर करतो. पक्कं झालं की एकच मेसेज: तारीख, भाव, वजन, गाडी नंबर. समोरून "ओके" आल्याशिवाय गाडी काट्यावरून हलत नाही. तो मेसेज पुसला जात नाही, आणि तोपर्यंत व्यवहार झालेला असल्याने फुटला तरी फार बिघडत नाही. लपवायचा असतो तो आधीचा आकडा.

धुळ्याहून_वकील:

ताईंशी सहमत. व्हॉट्सॲपचा मेसेज कोर्टात चालतो, पण नुसती प्रिंट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं. पूर्वी जुन्या पुरावा कायद्यात ६५-बी म्हणायचे तेच, आता त्याचे दोन भाग आहेत, त्यातला दुसरा तज्ज्ञाने भरायचा. तेव्हा मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या आणि तो फोन विकू नका.

फोन कोण ऐकू शकतं, यावर पारावर फार गप्पा होतात, म्हणून थोडक्यात. सरकारला हा अधिकार १८८५ च्या तार कायद्यापासून होता. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे आणि मनाला आलं म्हणून ऐकता येणार नाही. गृह सचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश हवा, त्याला मुदत हवी, त्याचा आढावा हवा. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम आहेत. एक आदेश ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. थोडक्यात, तुमचा प्रतिस्पर्धी व्यापारी "ओळखीने" फोन टॅप करवतोय असं कोणी सांगत असेल तर तो गुन्हा होईल, सोय नव्हे.

एन्क्रिप्शन वापरणं गुन्हा आहे का, असंही एका अशिलाने विचारलं होतं. नाही. भांडण आहे ते कंपन्या आणि सरकारमध्ये. २०२१ च्या आयटी नियमांनी मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना, गंभीर गुन्ह्यांत आदेश आला तर मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्यायला सांगितलं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथे सरळ सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथून जाईल.

सावदेकर_केळीवाला:

सगळ्यांचे आभार. लिंक केलेली डिव्हाइस बघितली. माझ्या फोनला एक विंडोज कॉम्प्युटर जोडलेला निघाला, तोलकाट्याच्या केबिनमधला. मुनीमजी त्याच्यावरून बिलं पाठवतात. शेवटचा वापर रात्री साडेदहाचा दाखवत होता, आणि मुनीमजी तर सातला घरी जातात. केबिनची चावी तिघा-चौघांकडे असते. कोणावर आळ घ्यायचा नाही, पण लॉगआउट करून टाकलं आणि पिनही लावला.

ताईंचा एक मेसेज आणि समोरून ओके, हे आजपासून चालू केलं. दिल्लीवाल्याला सिग्नलचं सुचवलं तर म्हणाला, "भाईसाब, एक और ॲप मत दो." ते राहू द्या.

दोन गोष्टी अडल्यात. गुगलवर रोज बॅकअप जातो, तो उघडा असतो का? आणि वडिलांचा दुसरा फोन बटणाचा आहे, जुन्या पार्ट्या त्याच नंबरवर बोलतात. त्याचं काय करू? शिवाय कॉम्प्युटरवरून लॉगआउट केल्यामुळे मुनीमजी आता बिलं कुठून पाठवू म्हणून फुगून बसलेत.

अमळनेर_मोबाईलवाला:

शहाद्याच्या ताई, तुमचं बरोबर. २४ तासांचं घासाघिशीच्या बोलण्यापुरतं ठेवा, पक्क्या सौद्याला नको.

भाऊ, बॅकअपला एन्क्रिप्शन आपोआप लागत नाही, तुम्हाला चालू करावं लागतं. ही सोय २०२१ पासून आहे. सेटिंगमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप, त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. ते नसेल तर ज्याच्या हाती तुमचं गुगल खातं, तुमचं सिम आणि तो सहा अंकी पिन लागला, तो दुसऱ्या फोनवर सगळं चॅट उतरवून घेऊ शकतो. चालू करताना पासवर्ड मागेल किंवा ६४ अंकी किल्ली देईल. तुम्ही पासवर्डच घ्या, आणि मुलाच्या वाढदिवसाची तारीख टाकू नका. लिहून तिजोरीत ठेवा. फोनही गेला आणि पासवर्डही विसरलात तर तो बॅकअप मी, व्हॉट्सॲप किंवा गुगल, कोणीच उघडून देऊ शकत नाही. पूर्वीचे फोन कोणाला दिले असतील, विकले असतील, तर ते पुसून दिले होते का तेही आठवून बघा.

बटणाच्या फोनला एंड-टू-एंड काही लावता येत नाही. नंबर तोच ठेवा, वडिलांची तीच ओळख आहे. त्या फोनवर फक्त गाडी आली का, माल भरला का, एवढंच बोलायचं. भाव विचारला की "पोरगा फोन करेल" म्हणून ठेवून द्यायचं आणि तुम्ही व्हॉट्सॲपवरून लावायचा. स्पीकर बंद करायला सांगा, कान्हदेशीचे आबा आठवतात.

मुनीमजींना बिलांसाठी वेगळं सिम काढून द्या आणि त्याच्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. कॉम्प्युटरला तोच नंबर जोडायचा, तुमचा नाही. पार्ट्यांना कळवा की बिलं ह्या नंबरवरून येतील आणि भाव फक्त तुमच्या नंबरवरून. सिम मात्र फर्मच्या किंवा तुमच्या नावावर घ्या, मुनीमजींच्या नको. उद्या ते सोडून गेले तर नंबरही त्यांच्याबरोबर जाईल.